फ्लॅश पडतो, पण फोटो कोराच: जुन्या गनचा पुन्हा पुन्हा येणारा दोष कसा शोधावा

पुतणीच्या बारशाचा रोल धुऊन आला आणि बारापैकी सात चौकटी कोऱ्या निघाल्या. पाळणा आला, ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला पाळण्याखालून देणाऱ्या बायका आल्या, पण ताईने बाळाच्या कानात नाव सांगितलं तो फोटो काही आला नाही. कॅमेरा मामांचा, यशिका ६३५. फ्लॅश मारायची गनही त्यांचीच, व्हिविटार २८३. तालुक्याच्या गावी मामांनी याच जोडीवर शेकड्याने लग्नं काढली होती, त्यामुळे सामानाला नावं ठेवायला जीभ रेटेना. दुसऱ्या रोलच्या वेळी सगळं पुसूनबिसून घेतलं, तर बाराच्या बारा कोऱ्या. तिसऱ्या रोलला सगळे फोटो आले, पण इतके फिके की कोण कुठे बसलंय ते अंदाजाने ओळखावं लागलं.

तिन्ही वेळा माझ्या डोक्यात एकच: गनचं सर्किट गेलं. शेवटी कळलं ते असं की तीन रोलना तीन वेगळी कारणं होती आणि सर्किटला हात लावायची गरज एकदाही नव्हती. जुने कॅमेरे हौसेने वापरायला घेतलेली पोरं मला हेच विचारतात, आणि बरेचदा तोवर चांगली गन खोलून बसलेली असतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गन सोडा, आधी निगेटिव्ह बघा

निगेटिव्ह खिडकीच्या उजेडावर धरा. पहिल्यांदा फिल्मच्या कडेला छापलेले आकडे आणि अक्षरं पाहा. ती ठळक असतील तर धुलाई नीट झाली आहे, लॅबला दोष देऊ नका. मग कोऱ्या चौकटीत नीट डोकवा. एखादी खिडकी, ट्यूबलाइट, नाहीतर निरांजनाची ज्योत बारीक काळ्या ठिपक्यासारखी दिसते का? दिसत असेल तर शटर उघडलं होतं आणि लेन्समधून उजेड आत आला होता. फक्त फ्लॅशचा उजेड पोचला नाही. म्हणजे गन पेटलीच नाही, किंवा पेटली पण भलत्या क्षणी.

चौकटीचा काही भाग नीट, काही कोरा आणि मध्ये सरळ रेघ असेल, तर शटरचा वेग चुकलाय. प्रतिमा पूर्ण आहे पण विरळ, अशी गत असेल तर गनमध्ये पुरेसा जोर नव्हता किंवा ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, चुकलं.

गन पेटली की नाही, हे निगेटिव्ह सांगत नाही. ते तुम्हाला आठवायला हवं. मी आता छोट्या वहीत चौकटीचा नंबर टाकून पुढे ‘पडला’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहितो. एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला एकाच लेन्सचा कॅमेरा, वापरणाऱ्यांसाठी एक सोपी खूण आहे. फोटो घेताना आरसा वर गेलेला असतो, म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये त्या क्षणी अंधार हवा. डोळा लावलेला असताना समोर फ्लॅश लख्ख पडलेला दिसला, तर तो चुकीच्या वेळी पडला. यशिकासारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात ही खूण चालत नाही, कारण तिथे बघायची लेन्स कायम उघडीच असते.

बाराच्या बारा कोऱ्या: एम आणि एक्स

आधी दुसऱ्या रोलचं सांगतो, कारण हे कारण सर्वांत जास्त आढळतं आणि फुकटात दुरुस्त होतं.

यशिका ६३५ किंवा जुन्या रोलायफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यांत लेन्सपाशी एक बारीक कळ असते. तिच्यावर एम आणि एक्स अशा खुणा असतात, कुठे व्हीसुद्धा असतो. एम आहे फ्लॅशबल्बसाठी. बल्बमधली धातूची बारीक तार ऑक्सिजनमध्ये जळते आणि तिचा उजेड पूर्ण चढायला साधारण २० मिलिसेकंद लागतात. म्हणून एमवर कॅमेरा आधी बल्बला करंट देतो, तेवढा वेळ थांबतो आणि मग शटर उघडतो. इलेक्ट्रॉनिक गनचा झोत साधारण १/१००० सेकंदात किंवा त्याआधीच संपतो. शटरची पाती उघडेपर्यंत तो विझलेला असतो. शटर १/३० ठेवा नाहीतर १/५००, एमवर इलेक्ट्रॉनिक गन लावली की फोटो कोराच येणार. गन मात्र दर वेळी झकास पेटलेली दिसते, आणि माणूस तिथेच फसतो.

कॅमेरा पुसताना माझ्या हातून ती कळ एक्सवरून एमवर सरकली होती. एवढंच झालं होतं. आता एक्सवर आणून तिच्यावर काळ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून टाकलाय. व्हीच्या वाटेला मात्र जाऊ नका. तो सेल्फ टायमर आहे आणि इतक्या वर्षांनी त्याची चक्रं अडकली, तर अख्खं शटर अडकून बसतं.

खात्री करायला रोल घालवायची गरज नाही. कॅमेऱ्यात फिल्म नसताना मागचं झाकण उघडा, ॲपर्चर पूर्ण मोकळं करा, म्हणजे ६३५ मध्ये ३.५. खोलीत मंद उजेड ठेवा. कॅमेरा आणि गन दोन्ही पांढऱ्या भिंतीकडे वळवा आणि मागून लेन्सकडे बघत बटण दाबा. एक्सवर पांढरी, भरीव, गोल चकती डोळ्यासमोर चमकून जाईल. एमवर काहीच दिसणार नाही. मग एकेक वेग बदलत १/५०० पर्यंत जा. पात्यांच्या शटरला एक्सवर सगळे वेग चालतात, हे त्याचं मोठं सुख. पण शटर आळसावलेलं असेल तर १/५०० ला गोल चकतीऐवजी चांदणी दिसते. पाती पूर्ण उघडायच्या आत झोत पडतोय असा त्याचा अर्थ. माझ्या ६३५ मध्ये अशीच चांदणी दिसते, म्हणून फ्लॅशसाठी मी १/१२५ च्या वर जात नाही.

पडद्याच्या शटरचे एसएलआर असतील तर हीच तपासणी बटर पेपरचा तुकडा फिल्मच्या चौकटीवर धरून करा. कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यात ठरावीक वेगापुढे पूर्ण चौकट एकाच वेळी उघडी नसते, नुसती फट सरकत जाते. फ्लॅश पडेल तेव्हा फट जिथे असेल तेवढाच फोटो येतो. पेंटॅक्स के१००० आणि कॅनन एई-१ ची मर्यादा १/६० आहे, झेनिट ई ची १/३०. निकॉन एफएम आणि यशिका एफएक्स-३ मध्ये धातूची पाती उभी पडतात, तिथे १/१२५ चालतं. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवर एफपी आणि एक्स असे दोन सॉकेट आहेत. एफपी खास बल्बांसाठी आहे. गनपासून कॅमेऱ्यापर्यंत जाणारी तार, म्हणजे कॉर्ड, त्यात खोचली तर वेग बरोबर असूनही फोटो जातो. सेकंडहँड स्पॉटमॅटिक घेतलात की तो सॉकेट चिकटपट्टीने बंदच करून टाका.

कधी पडतो, कधी नाही: कॉर्ड आणि सॉकेट

आता बारशाचा रोल. पाच आले, सात गेले. असा लहरी दोष दिसला की गन, कॉर्ड आणि कॅमेरा या तिघांना वेगळं करून एकेकाला तपासायचं.

गन चार्ज करा आणि तिचंच टेस्टचं बटण दाबा. बारा वेळा दाबा. रोलला बारा फोटो असतात, म्हणून मी सगळं बारा वेळा तपासतो. एकदा दोनदा पेटली म्हणून समाधान मानलं, की असा दोष हमखास निसटतो. बाराही वेळा पेटली तर गनला माफ करा.

मग कॉर्ड. तिचं कॅमेऱ्याकडचं टोक मोकळं ठेवा. प्लगच्या मधला भाग आणि बाहेरचं कडं यांना वाकवलेल्या टाचणीने क्षणभर जोडा. टाचणी प्लॅस्टिकच्या मुठीच्या पकडीत धरा. उघड्या बोटांनी करू नका, जुन्या गनमध्ये इथे दोनशे व्होल्टच्या वरही दाब असू शकतो आणि चांगलाच चटका बसतो. पेटली तर प्लगपाशी कॉर्ड जरा इकडे-तिकडे वाकवून पुन्हा करा. वाकवल्यावर बंद पडत असेल तर आत तार तुटली आहे. अशी कॉर्ड बदलावी. व्हिविटारच्या गनकडचा प्लग त्यांचा खास वेगळा आहे, त्यामुळे नवी कॉर्ड घेताना जुनी सोबत न्या.

शेवटी कॅमेरा. गन बाजूला काढून मल्टीमीटर बीपवर लावा. एक प्रोब सॉकेटच्या मधल्या पिनला, दुसरा बाहेरच्या कड्याला. शटर बी वर ठेवून दाबून धरा. पाती उघडी आहेत तोवर बीप वाजत राहिला पाहिजे. तुटक वाजला तर शटरच्या आतला संपर्क मळलाय, आणि ते काम घड्याळजीसारखा हात असलेल्या कारागिराचं.

माझ्याकडे तिन्ही पास झाले. गन बारा, कॉर्ड बारा, कॅमेरा बारा. एकत्र जोडले की पुन्हा पाच. मग दोष राहिला एकाच ठिकाणी: प्लग सॉकेटला भेटतो तिथे. नाणी तपासायचं भिंग घेऊन बसलो. सॉकेटच्या आतल्या कडेला चहाच्या डागासारखं तपकिरी वर्तुळ होतं. प्लग खोचला की नुसता टेकत होता, बोटाच्या हलक्या धक्क्याने डोलत होता. इतकी वर्षं काढघाल होऊन त्याचं पत्र्याचं कडं सैल झालेलं.

लाकडी टूथपिकला जरासा कापूस गुंडाळला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवला, झटकला आणि सॉकेटमध्ये फिरवला. पहिला कापूस तपकिरी निघाला, तिसरा पांढरा. सॉकेटमध्ये थेट स्प्रे मारू नका. तो शटरच्या पात्यांवर उतरतो आणि पाती चिकटतात. मग बारीक पकडीने प्लगचं बाहेरचं कडं अगदी केसभर दाबलं, गोलाचं किंचित लांबट केलं. पुन्हा खोचलं तर ‘टक’ करून बसलं. कॉर्डचा एक वेढा गन धरणाऱ्या ब्रॅकेटभोवती घेऊन चिकटपट्टीने बांधला, म्हणजे गन हलली तरी ओढ प्लगवर येत नाही. बारापैकी बारा.

हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, गन बसवणाऱ्यांनी गनच्या पायाखालची पिन आणि कॅमेऱ्यावरची टिकली साध्या खोडरबराने घासावी. बहुतेकदा तेवढ्यावर काम होतं.

दिवा लागतो, पण जोर नाही: झोपलेला कपॅसिटर

तिसऱ्या रोलने सर्वांत जास्त शिकवलं.

गनचा जोर साठतो तो मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये, साधारण ३०० ते ३५० व्होल्टवर. त्याच्या आत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. वर्षानुवर्षं गन कपाटात पडून राहिली की हा थर कमजोर होतो आणि साठवलेला विद्युतभार आतल्या आत गळत राहतो. लक्षणं ठरलेली: चालू केल्यावर येणारा बारीक ‘कुंऽऽऽ’ आवाज चढत जाऊन शांत होत नाही, सेल गरम होतात, केशरी दिवा लागायला मिनिटं लागतात. मामांची गन अकरा वर्षं पेटीत होती. मी नवे सेल घालून सरळ बारशाला नेली, ही माझी चूक.

अशा कपॅसिटरला हळूहळू जागं करायचं असतं. नवे सेल घाला, गन चालू करा आणि पंधरा सेकंदांनी बंद करा. पाच मिनिटं थांबा. पुन्हा करा, या वेळी तीस सेकंद. असं वेळ वाढवत न्या. मध्ये सेलना हात लावून बघत राहा, गरम वाटले तर थांबा आणि गार होऊ द्या. दिवा लागला की लगेच फ्लॅश मारू नका. दहा मिनिटं तसंच चार्ज ठेवा, मग एकदा मारा. पुन्हा चार्ज, पुन्हा थांबा, पुन्हा मारा. असे दहाएक फेरे झाल्यावर फरक कानाला कळतो. माझ्याकडे पहिल्यांदा दिवा लागायला दोन मिनिटांच्या वर लागली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बारा सेकंद. दोन दिवस देऊनही सेल तापतच असतील किंवा कपॅसिटर फुगलेला असेल, गनमधून माशासारखा वास येत असेल, तर त्याचं आयुष्य संपलं. पुढे ताणू नका.

केशरी दिव्याबद्दल मात्र सावध राहा. बऱ्याच गनमध्ये तो पूर्ण चार्ज होण्याआधीच लागतो. ऊर्जा व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब ८० टक्के असेल तर ऊर्जा ६४ टक्केच, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश स्टॉप कमी (उजेड निम्मा झाला की एक स्टॉप). दिवा लागला की मनात दहा मोजा आणि मग फोटो घ्या. मामा दिवा लागल्यावरही ‘नवरदेव, जरा हसा, वहिनी, पदर सारखा करा’ असं काहीतरी बोलत राहायचे. त्या दहा सेकंदांसाठी ते बोलणं होतं, हे मला आता कळतंय.

सेलही बघा. साधे झिंक कार्बनचे स्वस्त सेल घड्याळाला ठीक, गनला ते दमतात. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे सेल १.२ व्होल्टचे असले तरी भराभर करंट देतात. व्हिविटार २८३ मध्ये मी तेच घालतो, चार लागतात. सेलच्या कप्प्यात सेल गळून थर चढला असेल तर तो कोणत्या सेलचा हे आधी ठरवा. अल्कलाइन सेलची गळती अल्कधर्मी, ती व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाच्या दोन थेंबांनी निघते. झिंक कार्बनची आम्लधर्मी, तिला खायच्या सोड्याचं पाणी. नंतर अल्कोहोलने पुसा आणि रात्रभर वाळू द्या. स्प्रिंग खाऊन बारीक झाली असेल तर पुसून भागत नाही.

जोर खरोखर किती उरलाय, हे मोजायला डिजिटल कॅमेरा कामाला येतो. फक्त गन त्याला जोडायची नाही. खोलीत अंधार करा, डिजिटल तिपाईवर ठेवा, आयएसओ १००, एफ ८, शटर दोन सेकंद. गन साडेचार मीटरवर कुणाला तरी बसवून त्याच्याकडे धरा, मॅन्युअलवर ठेवा आणि शटर उघडं असताना टेस्टचं बटण दाबा. २८३ चा गाइड नंबर, म्हणजे अंतर गुणिले एफचा आकडा, आयएसओ १०० ला ३६ मीटर. ३६ भागिले साडेचार म्हणजे आठ. फोटो बरोबर आला तर गन तरुण आहे. अंधारला तर एफ ५.६ करून बघा. माझ्या गनला ५.६ लागतं, म्हणून मी तिचा गाइड नंबर २५ धरतो आणि तसा कागद तिच्या पाठीवर चिकटवलाय. आता फोटो फिके येत नाहीत.

डिजिटलवर चढवायच्या आधी व्होल्ट मोजा

यंत्राच्या जुन्या कॅमेऱ्यांना ट्रिगरचे, म्हणजे गन पेटवणाऱ्या संपर्कावरचे, दोनशे-अडीचशे व्होल्ट चालून जातात, कारण आत नुसते धातूचे दोन तुकडे भेटतात. इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळू शकतं. २८३ च्या सुरुवातीच्या काळातल्या जपानी बनावटीच्या गनमध्ये हा दाब खूप असतो, नंतरच्यांत बराच कमी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून मोजायचं. मीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टवर लावा, गन पूर्ण चार्ज करून एक मिनिट थांबा, मग लाल प्रोब पायाखालच्या मधल्या पिनला आणि काळा कडेच्या धातूला.

इथे बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मीटरने फसायला होतं. त्याचा आतला रोध एकच मेगाओम असतो आणि ट्रिगरच्या वाटेवर मोठा रेझिस्टर असतो, त्यामुळे खरा आकडा दबून कमी दिसतो. १० मेगाओमचा मीटर वापरा. गन तारेशिवाय पेटवणाऱ्या रेडिओ ट्रिगरलाही हीच तपासणी लागू.

बल्बची गन असेल तर

बल्बच्या गनला बहुधा १५ किंवा २२.५ व्होल्टची छोटी बॅटरी लागते आणि ती आता दुर्मीळ आहे. तीन व्होल्टची बटण सेल सात एकावर एक रचून २१ व्होल्ट मिळतात, गनला तेवढे पुरतात. संपर्क घासून स्वच्छ करा, कळ एमवर न्या. बल्बवर निळा ठिपका असेल तर तो आधी बघा. ठिपका गुलाबी झाला असेल तर आत हवा शिरली आहे आणि असा बल्ब फुटू शकतो. तो टाकून द्या.

खोलायचीच असेल तर

टेस्टच्या बटणानेही गन पेटत नाही, पण दिवा नीट लागतो आणि आवाजही बरोबर येतो, असं झालं तर दोष बहुतेक ट्रिगरच्या छोट्या कपॅसिटरमध्ये किंवा गुंडाळीत, नाहीतर झेनॉनच्या नळीत. इथे मी कारागिराकडे जातो. तुम्हीही जा, असं मनापासून सांगतो. १००० मायक्रोफॅरड आणि ३३० व्होल्ट म्हणजे ५० ज्यूलच्या वर ऊर्जा, आणि ती छातीतून गेली तर जीव जाऊ शकतो. सेल काढून आठवडा झाला तरी भार शिल्लक राहतो.

काम येणाऱ्यानेसुद्धा स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटर शॉर्ट करू नये. दोन किलोओमचा, दहा वॅटचा रेझिस्टर, त्याला रबर चढवलेल्या तारा, एक हात पाठीमागे. अर्धा मिनिट धरून ठेवा, मग मीटरने मोजा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. रिकामा केलेला कपॅसिटर थोडा भार आपोआप परत चढवतो. घरात मूल असेल तर खोललेली गन टेबलावर सोडून उठू नका.

माझी व्हिविटार आता कपाटात सेल काढून ठेवलेली असते, सेल वेगळ्या डबीत. काढण्याआधी ती पूर्ण चार्ज करतो आणि फ्लॅश न मारता तशीच ठेवतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सेल घालून पाच-सहा झोत मारतो, दिवा किती सेकंदांत लागला ते मोजतो आणि सेलच्या झाकणाच्या आतल्या चिकटपट्टीवर तारखेसकट लिहून ठेवतो. मागच्या सात महिन्यांत हा आकडा बारावरून नऊवर आलाय.